मदत हवी आहे : पेसमेकरमुळे हृदय अशक्त झाल्यावर बायव्हेंट्रिक्युलर पेसिंग की लेफ्ट बंडल पेसिंग?

नमस्कार.

माझ्या आईच्या (वय ७१) उपचारांविषयी येत्या तीन आठवड्यांत निर्णय घ्यायचा आहे. डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले आहेत, दोन्ही वैद्यकीयदृष्ट्या योग्य आहेत असेही सांगितले आहे, आणि विचार करून या असे म्हटले आहे. या विषयावरचे संशोधन मी जमेल तितके वाचले. तरीही कोणत्या पुराव्याला किती वजन द्यावे हे मला ठरवता येत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

सहा वर्षांपूर्वी आई दोनदा भोवळ येऊन पडली. तपासणीत पूर्ण हार्ट ब्लॉक निघाला, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून, अलिंदांतून, निघालेला विद्युत संदेश खालच्या निलयांपर्यंत पोहोचतच नव्हता. दोन लीडचा (हृदयात नेलेल्या तारांचा) पेसमेकर बसवला. तेव्हा तिचे इजेक्शन फ्रॅक्शन (ईएफ), म्हणजे डावा निलय दर ठोक्याला आतल्या रक्तापैकी जितका भाग बाहेर टाकतो ते प्रमाण, ६० टक्के होते. पुढची जवळजवळ पाच वर्षे तिला काहीही त्रास नव्हता. गेल्या वर्षी जिना चढताना धाप लागू लागली, मग सपाट रस्त्यावरही लागू लागली, आणि आता रात्री दोन उशा घेतल्याशिवाय तिला झोप येत नाही. पावलांवर सूज असते. इकोमध्ये ईएफ ३२ टक्के आले. अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत. पेसमेकरच्या तपासणीनुसार उजव्या निलयाचे ९९ टक्के ठोके यंत्र देते, आणि इसीजीत क्यूआरएसची (निलयांत संदेश पसरताना उमटणाऱ्या लहरीची) रुंदी १७६ मिलिसेकंद आहे. पेसिंगमुळे उद्भवलेली कार्डिओमायोपथी (हृदयाच्या स्नायूचा आजार) असे निदान डॉक्टरांनी केले आहे.

हे ऐकल्यावर काही दिवस मी स्वतःला दोष देत होतो, कारण आई तयार नसताना तिला आग्रह करून पेसमेकरसाठी राजी करणारा मीच होतो. आता समजते की त्या वेळी दुसरा पर्याय नव्हता. पूर्ण ब्लॉकमध्ये पेसमेकर नसता तर ती आज आमच्यात नसण्याची शक्यता मोठी होती. प्रश्न यंत्राचा नाही, ते हृदयाला कोणत्या जागेवरून चालना देते याचा आहे.

मला समजले ते असे. उजव्या निलयातली लीड तिथल्या स्नायूला थेट उद्दीपित करते. निरोगी हृदयात संदेश वहनतंतूंच्या जाळ्यातून क्षणार्धात दोन्ही निलयांत पसरतो. इथे मात्र तो स्नायूच्या एका पेशीकडून दुसरीकडे सावकाश सरकतो. दोन निलयांमधला पडदा आधी आकुंचन पावतो आणि डाव्या निलयाची बाहेरची भिंत मागून येते. ही विसंगती दिवसाला लाखभर ठोक्यांत घडत राहिली, तर काही रुग्णांचे हृदय हळूहळू पसरून दुबळे होते. सर्वांचे होत नाही, आणि आईचेच का झाले याचे उत्तर मला मिळालेले नाही.

या धोक्याची स्पष्ट जाणीव २००२ साली प्रसिद्ध झालेल्या डेव्हिड चाचणीने करून दिली. ईएफ ४० टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या, पण ठोक्यांसाठी पेसमेकरची गरज नसलेल्या ५०६ रुग्णांना त्यात डिफिब्रिलेटर (जीवघेणी लय आढळल्यास झटका देणारे यंत्र) बसवले होते. एका गटात यंत्र सतत पेसिंग करीत असे, दुसऱ्या गटात केवळ ठोके फार मंदावल्यावर. वर्षभरात मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी (हृदयाला पुरेसे रक्त पुढे ढकलता न येण्यासाठी) दाखल होणे यांपासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण सतत पेसिंगच्या गटात ७३.३ टक्के होते आणि दुसऱ्या गटात ८३.९ टक्के. मदत म्हणून दिलेले ठोकेच अपाय करीत होते. नंतर २०१३ साली आलेल्या ब्लॉक-एचएफ चाचणीत आईसारखे एव्ही ब्लॉक (अलिंदांकडून निलयांकडे जाणाऱ्या संदेशातला अडथळा) असलेले ६९१ रुग्ण होते, आणि त्यांत दोन्ही निलयांना चालना देणारे पेसिंग केवळ उजव्या निलयाच्या पेसिंगपेक्षा सरस ठरले.

आता दोन पर्याय.

पहिला बायव्हेंट्रिक्युलर पेसिंगचा, ज्याला सीआरटी म्हणतात. यात तिसरी लीड कोरोनरी सायनस या शिरेतून नेऊन डाव्या निलयाच्या बाहेरच्या बाजूला बसवतात. याच्यामागे वीस वर्षांहून अधिक काळाचे संशोधन आहे. २००५ च्या केअर-एचएफ चाचणीत ८१३ रुग्ण होते; सुमारे अडीच वर्षांत केवळ औषधे घेणाऱ्या गटातले ३० टक्के रुग्ण दगावले, तर सीआरटीच्या गटातले २० टक्के. मात्र ते रुग्ण मूळचाच लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (डाव्या वहनतंतूंतला अडथळा) किंवा तत्सम दोष असलेले होते. जुन्या पेसमेकरचे सीआरटीत रूपांतर करण्याविषयीची चाचणी माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे, आणि ती २०२३ साली प्रसिद्ध झालेली बुडापेस्ट-सीआरटी अपग्रेड. त्यात ३६० रुग्ण होते. त्या सर्वांना आधीचा पेसमेकर किंवा डिफिब्रिलेटर होता, ईएफ ३५ टक्क्यांपर्यंत होते, क्यूआरएस १५० मिलिसेकंद किंवा अधिक होता आणि उजव्या निलयाचे पेसिंग किमान २० टक्के होते. मृत्यू, हार्ट फेल्युअरमुळे दाखल होणे किंवा डाव्या निलयाच्या आकारात पुरेशी घट न होणे, यांपैकी काहीतरी वर्षभरात घडलेल्यांचे प्रमाण डिफिब्रिलेटर गटात ७८.९ टक्के आणि सीआरटी गटात ३२.४ टक्के होते. हा आकडा मी तीनदा वाचला, कारण हे सर्व निकष आईला लागू पडतात.

दुसरा पर्याय लेफ्ट बंडल पेसिंगचा. यात लीड उजवीकडून निलयांमधल्या पडद्यात खोलवर फिरवत नेऊन डाव्या वहनतंतूंपर्यंत पोहोचवतात, म्हणजे संदेश पुन्हा निसर्गाच्या वाटेने जातो. ही पद्धत चीनमधील वेन्झौच्या हुआंग वेइजियान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली मांडली. कल्पना मनाला पटते, आणि त्यामुळेच मी सावध आहे. २०२२ च्या एलबीबीपी-रीसिंक चाचणीत ईएफमधली वाढ सीआरटीपेक्षा जास्त दिसली, पण रुग्ण अवघे ४० होते आणि ते पेसिंगने आजारी पडलेले नव्हते. २०२३ साली १७७८ रुग्णांच्या एका मोठ्या तुलनेत मृत्यू किंवा दाखल होण्याचे प्रमाण लेफ्ट बंडल गटात २०.८ टक्के आणि सीआरटी गटात २८ टक्के आढळले. ती निरीक्षणात्मक होती. कोणाला कोणता उपचार मिळाला हे चिठ्ठी टाकून ठरले नव्हते.

माझे प्रश्न असे आहेत. मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालेला मार्ग सोडून शरीरक्रियेच्या दृष्टीने अधिक नैसर्गिक, पण तुलनेने नवा मार्ग निवडणे आईसारख्या रुग्णासाठी शहाणपणाचे आहे का? बॅटरी अजून अडीच-तीन वर्षे चालेल असे तपासणीत दिसते. तोवर थांबून दोन्ही कामे एकदम करावीत का? आणि शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना नेमके काय विचारावे, जे आमच्यासारख्यांना सुचत नाही? ज्यांच्या घरी हा अनुभव आला आहे किंवा जे या क्षेत्रात काम करतात त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

मी डॉक्टर नाही. पेसमेकर तपासणीच्या कक्षात तंत्रज्ञ म्हणून बरीच वर्षे काम करते, म्हणून निर्णय सांगणार नाही, पण विचारण्याजोग्या गोष्टी सांगू शकते.

सर्वांत आधी आईंचा पेसमेकर बसवण्यापूर्वीचा इसीजी शोधा. पूर्ण ब्लॉक असतानाही हृदयाचे स्वतःचे जे मंद ठोके चालू असतात, त्यांचा क्यूआरएस अरुंद होता की रुंद, हे तुमच्या प्रश्नात फार महत्त्वाचे आहे. अरुंद असेल तर ब्लॉक वरच्या भागात होता आणि खालचे डावे-उजवे तंतू त्या वेळी तरी शाबूत होते असे मानता येते. अशा हृदयात लेफ्ट बंडल पेसिंगला पकडायला निरोगी तार उपलब्ध असते. तो रुंद असेल तर तंतूंचा आजार खालपर्यंत पसरलेला असू शकतो, आणि मग लेफ्ट बंडलचा फायदा कितपत मिळेल हे आधीपासून सांगता येत नाही.

बॅटरीसाठी थांबण्याविषयी : तुम्हीच उल्लेखलेली बुडापेस्ट चाचणी याचे उत्तर देते. ईएफ ३२ वर आलेले असताना तीन वर्षे उजव्या निलयाचे पेसिंग तसेच चालू ठेवणे मला पटत नाही. पण जुन्या जागी पुन्हा शस्त्रक्रिया करणे हे नवे यंत्र बसवण्याइतके सोपे नसते, हेही जाणून घ्या. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या रिप्लेस नोंदवहीत केवळ बॅटरी बदललेल्यांत सहा महिन्यांत ४ टक्के रुग्णांना मोठी गुंतागुंत झाली होती, तर नवी लीड घालावी लागलेल्यांत १५.३ टक्के. त्यामुळे हे काम एकदाच आणि नीट व्हावे. संसर्ग टाळण्यासाठी यंत्राभोवती प्रतिजैविकाचे जाळीदार आवरण घालणार का, हे विचारा. सुमारे ७००० रुग्णांच्या रॅप-इट चाचणीत (२०१९) त्याने मोठे संसर्ग १.२ टक्क्यांवरून ०.७ टक्क्यांवर आणले होते.

दुसरे, सहा वर्षांच्या लीडमुळे खांद्याखालची शीर अरुंद किंवा बंद झालेली असू शकते. आधी व्हेनोग्राम (शिरेत रंगद्रव्य सोडून काढलेली क्ष-किरण प्रतिमा) करणार का, हे विचारा. आईंचे ठोके पूर्णपणे यंत्रावर अवलंबून आहेत, तेव्हा लीड बदलताना तात्पुरत्या पेसिंगची काय व्यवस्था आहे, तेही विचारा.

तिसरे, आणि हे लोक सर्वांत कमी विचारतात : तुमच्या डॉक्टरांनी स्वतः लेफ्ट बंडलची किती कामे केली आहेत, आणि ते जमले नाही तर त्याच बैठकीत कोरोनरी सायनसची लीड घालण्याची तयारी असेल का? युरोपातील २५३३ रुग्णांच्या मेलोस नोंदीत ही लीड हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत ८२.२ टक्के वेळा यशस्वीपणे बसली, म्हणजे अनुभवी केंद्रांतही दर पाच-सहा रुग्णांमागे एकात ती जमत नाही. कोरोनरी सायनसच्या लीडच्याही अडचणी आहेत. योग्य जागी शीर मिळत नाही, किंवा जवळच्या मज्जातंतूला चालना मिळून उचकीसारखे झटके येतात. तेव्हा दोहोंपैकी एक परिपूर्ण आहे असे समजू नका.

डिफिब्रिलेटरसह सीआरटी हवे की त्याविना, हा प्रश्न तुमच्या यादीत नाही, पण तो समोर येईल. २०१६ च्या डॅनिश चाचणीत, रक्तवाहिन्यांच्या आजाराविना हार्ट फेल्युअर असलेल्या १११६ रुग्णांत, डिफिब्रिलेटरने एकूण मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही. अचानक मृत्यू मात्र कमी झाले आणि फायदा तरुण रुग्णांत दिसला. आईंच्या वयाचा विचार करून हे शांतपणे बोला.

औषधांबाबत एक गोष्ट. पेसमेकर असल्याने बीटा ब्लॉकरमुळे ठोके मंदावण्याची भीती नाही, तेव्हा रक्तदाब साथ देत असेल तर हार्ट फेल्युअरच्या चारही प्रकारच्या औषधांची मात्रा पूर्ण झाली आहे का, ते पाहून घ्या. यंत्र बदलल्यावरही ती चालूच ठेवावी लागतात.

मूळ धागाकर्त्याचा प्रतिसाद

तुमचे आभार कसे मानावेत कळत नाही. जुन्या फायलीत सहा वर्षांपूर्वीचा इसीजी सापडला. ठोके मिनिटाला ३८ आणि क्यूआरएस ९८ मिलिसेकंद, म्हणजे अरुंद. काल तो डॉक्टरांना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि आधी लेफ्ट बंडलचा प्रयत्न करू असे सांगितले. इसीजीवर तंतू पकडले गेल्याची खूण मिळाली नाही तर त्याच बैठकीत कोरोनरी सायनसची लीड घालतील. व्हेनोग्राम पुढच्या आठवड्यात आहे. औषधांपैकी एक अद्याप सुरूच झाले नव्हते, ते कालपासून दिले आहे. डिफिब्रिलेटर नको असे आईने स्वतः सांगितले. तिने ही सर्व चर्चा ऐकली आणि आकडेही समजून घेतले.

एक प्रश्न उरला आहे. उजव्या निलयातली जुनी लीड काढणार नाहीत. नवी लीड चालू झाल्यावर ती टोपी घालून तशीच सोडावी, की यंत्राला जोडून राखीव म्हणून ठेवावी? डॉक्टर दुसऱ्या पर्यायाकडे झुकलेले दिसले.

प्रतिसाद

पूर्णपणे यंत्रावर अवलंबून असलेल्या रुग्णात राखीव लीड जोडलेली असणे मलाही योग्य वाटते, कारण पडद्यातली नवी लीड पहिल्या काही आठवड्यांत हलली तर जुनी ठोका देऊ शकते. मात्र त्यासाठी तीन लीड जोडता येणारे यंत्र लागेल, आणि जुनी लीड एमआरआयला चालणारी आहे का, ते तिच्या कार्डावर आधीच पाहून ठेवा. टोपी घालून सोडलेली लीड असली की पुढे एमआरआय करताना अडचण येते. शस्त्रक्रियेनंतर यंत्राची पहिली तपासणी होईल तेव्हा नव्या इसीजीची प्रत मागून घ्या आणि ती त्याच जुन्या फायलीत, ९८ मिलिसेकंदांच्या कागदाशेजारी ठेवा.