जर्मनीत वैद्यकीय शिक्षण घेऊन खानापूरला परत येता येईल का?

प्रश्न : खानापूरचा एक पालक

नमस्कार. माझ्या मुलीचे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि यंदा तिने बेळगावातून पीयूसीचे दुसरे वर्ष (म्हणजे बारावी) विज्ञान शाखेतून पूर्ण केले. नीटमध्ये ती पात्र ठरली, परंतु त्या गुणांवर सरकारी जागा मिळणे अशक्य आहे आणि खासगी महाविद्यालयाची फी भरायची तर शेत विकावे लागेल. जर्मनीत शिक्षण मोफत असते, ते इंग्रजीतून होते आणि परत येऊन दवाखाना काढता येतो, असे एका एजंटाने आम्हाला सांगितले आहे. मुलीला डॉक्टर होऊन आपल्या तालुक्यातच काम करायचे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : निपाणीची डॉक्टर, सध्या जर्मनीत

दादा, घाईने पैसे भरू नका. एजंटाचे पहिले म्हणणे बरेचसे खरे आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षण शुल्क घेत नाहीत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. दुसरे म्हणणे चुकीचे आहे. सरकारी विद्यापीठांतला सहा वर्षे तीन महिन्यांचा हा अभ्यासक्रम जर्मन भाषेतूनच होतो आणि प्रवेशासाठी साधारण सी-१ पातळीचे (ए-१ ते सी-२ या सहा पातळ्यांपैकी पाचवी) जर्मन लागते. दोन वर्षांनंतर 'फिजिकुम' ही मोठी परीक्षा असते, तीन महिने रुग्णशुश्रूषेचे काम करावे लागते आणि शेवटचे वर्ष पूर्णपणे रुग्णालयात जाते. गोकाककडचा शेतकरी पोटदुखीचे वर्णन कन्नडमध्ये करतो तेव्हा मराठी डॉक्टरला ते नीट समजावेच लागते. इथल्या म्हाताऱ्या रुग्णांच्या गावठी जर्मनचेही तसेच आहे, आणि हे सारे मुलीला अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी जमवावे लागेल.

उत्तर : चिकोडीचा विद्यार्थी

मी याच वाटेने आलो आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो. केवळ पीयूसीवर थेट प्रवेश मिळत नाही. बहुतेकांना आधी 'श्टुडिएनकोलेग'मध्ये, म्हणजे विद्यापीठपूर्व तयारीच्या संस्थेत, वैद्यकीय शाखेसाठीचा साधारण वर्षभराचा एम-कोर्स करून शेवटची पात्रता परीक्षा द्यावी लागते, आणि तिथे शिरण्यासाठीही जर्मन यावे लागते. ती उत्तीर्ण झाल्यावरही परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या मोजक्या जागांसाठी स्पर्धा असतेच, त्यामुळे वैद्यकीय प्रवेशाची हमी कोणीही देऊ शकत नाही. भारतीयांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रे तपासून दिले जाणारे) सक्तीचे आहे. शिवाय व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो एका बंद खात्यात ठेवून दाखवावे लागतात आणि त्यातून दरमहा ९९२ युरोच काढता येतात. मोफत शिक्षण म्हणजे मोफत राहणे-जेवणे नव्हे, हे माझ्या वडिलांना फार उशिरा कळले.

पुन्हा प्रश्न : खानापूरचा पालक

आपले दोघांचेही मनापासून आभार. भाषा ती शिकेल. कन्नडही ती पाचवीनंतरच नीट शिकली. परंतु परत येण्याविषयी कोणी स्पष्ट सांगेल का?

उत्तर : निपाणीची डॉक्टर

तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार परदेशी पदवी भारतात ग्राह्य धरली जाण्यासाठी किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि इंग्रजी माध्यम आवश्यक आहे. त्यानंतरही भारतात परवाना परीक्षा आणि आणखी एक वर्षाची इंटर्नशिप असते. जर्मन माध्यमाची पदवी त्या भाषेच्या अटीतच अडकते. म्हणजे जर्मनीतच राहायचे असेल तर हा मार्ग उत्तम आहे; खानापूरला परत यायचे असेल तर मी तो सुचवणार नाही.

मी कर्नाटकातच एमबीबीएस केले, सोबत बी-२ पर्यंत जर्मन शिकले आणि नंतर जर्मनीत येऊन वैद्यकीय भाषेची परीक्षा दिली. त्यात रुग्णाशी संवाद, लेखी नोंद आणि सहकारी डॉक्टरशी चर्चा अशी वीस-वीस मिनिटांची तीन अंगे असतात. परवान्यासाठी मला वैद्यकीय ज्ञानाची परीक्षाही द्यावी लागली, पण त्यानंतर तज्ज्ञ होण्याचे प्रशिक्षण पगारी आहे आणि माझी भारतातली नोंदणी कायम आहे. मुलीने एक वर्ष थांबून 'नीट' परीक्षा पुन्हा द्यावी, असे मला वाटते. जर्मनची ओढ असेलच तर पुण्यातील किंवा बेंगळूरमधील मॅक्स म्युलर भवन या जर्मन शिकवणाऱ्या संस्थेत पहिली पातळी करून पाहावी; त्यासाठी शेत विकावे लागणार नाही.