लिबरल स्टडीजला ‘जबाबदार व्यवसाय’ मायनर: सुरुवात कुठून, प्रोजेक्ट कशावर?

नववी_गल्ली
लिबरल स्टडीजच्या पदवीत मेजर समाजशास्त्र आहे. दुसऱ्या वर्षापासून मायनर व्यवस्थापन घ्यायचं आहे, भर कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीवर (सीएसआर). वाणिज्य कधी शिकलेलं नसताना आधी कोणता पेपर घ्यावा? आणि २ क्रेडिटचा फील्ड प्रोजेक्ट कोल्हापुरातच करायचाय. ‘शिरोलीतील कारखान्यांचे सीएसआर उपक्रम’ हा विषय चालेल का?

ताळेबंद
आधी फायनान्शियल अकाउंटिंग. एथिक्स पुढच्या सेमिस्टरला घेतलं तरी काही बिघडत नाही. नफा-तोटा पत्रक वाचता येत नसेल तर वार्षिक अहवालातले वृक्षारोपणाचे फोटो तेवढे समजतात.

सीएसआरचा विषय मात्र सोडा. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५, म्हणजे सीएसआरवर खर्च करायला लावणारं, कुणाला लागतं ते बघा. मागच्या आर्थिक वर्षात नेटवर्थ (मालमत्तेतून देणी वजा करून उरतं ते) ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी गाठलं तरी लागू. खर्च करायचा तो आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के. पोरं हमखास उलाढालीचे २ टक्के काढून बसतात. नफा ४, ६ आणि ८ कोटी असेल तर सरासरी ६ कोटी, म्हणजे रक्कम १२ लाख. प्रशासकीय खर्च त्यातल्या ५ टक्क्यांच्या वर दाखवता येत नाही, आणि फक्त स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च धरतच नाहीत.

आता गोची अशी की हे कलम कंपन्यांसाठी आहे. भागीदारीतल्या आणि एकट्या मालकाच्या फौंड्रींना (धातू ओतणाऱ्या कारखान्यांना) ते लागू नाही. सहकारी साखर कारखाने, दूध संघ यांनाही नाही, ते सहकार कायद्याखाली येतात. म्हणजे ज्या धंद्यांवर जिल्हा चालतो तेच तुमच्या विषयातून बाहेर. अहवाल मागायला गेलात तर ‘आमच्यात तसलं काय नसतंय’ असं ऐकून परत याल, आणि समोरचा खोटं बोलत नसेल.

नफ्यातला वाटा कुठं दिला यापेक्षा नफा कसा झाला ते विचारा. मालवाल्याचे पैसे कधी दिले? कंत्राटी माणसाचा पीएफ भरला का? भट्टीची वापरलेली वाळू कुठं टाकली? प्रश्न कसे काढायचे हे कळत नसेल तर सेबीचा (शेअर बाजारावर देखरेख करणारी संस्था) बीआरएसआर नमुना उघडा, म्हणजे धंदा किती जबाबदारीनं केला याच्या अहवालाचा. बाजारमूल्यानुसार वरच्या १००० लिस्टेड कंपन्यांना तो २०२२-२३ पासून सक्तीचा आहे. देणी चुकवायला किती दिवस लागतात हेसुद्धा त्यात विचारलंय. छोट्या युनिटला तो भरायचा नाही, पण तुम्हाला आयती प्रश्नावली मिळते.

फेटलिंग
वरच्याला अनुमोदन. देणी हाच विषय घ्या, ६० तासांत बसतो. (फील्डवर्कचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास.)

एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर बँक रेटच्या (रिझर्व्ह बँक ठरवते तो दर) तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीनं. शिवाय आयकर कायदा १९६१ मधल्या ४३बी(एच) या कलमामुळे १ एप्रिल २०२४ पासून, मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदार प्रत्यक्ष देईपर्यंत स्वतःच्या खर्चात दाखवू शकत नाही.

तीन जॉबवर्क युनिट (दुसऱ्याच्या ऑर्डरचं काम करून देणारी) गाठा. उद्यम प्रमाणपत्रावर (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) सूक्ष्म की लघु ते आधी बघा. प्रत्येकाकडून १५-२० बिलं घ्या. मोजायला सुरुवात बिलाच्या तारखेपासून करू नका, माल स्वीकारल्यापासून दिवस धरायचे. चलनावरचा शिक्का किंवा जीआरएनची (माल मिळाल्याची पावती) तारीख घ्या. टीडीएस (देतानाच कापलेला आयकर) वजा होऊन आलेली रक्कम ‘कमी दिली’ म्हणून नोंदवली की सगळा तक्ता चुकतो. रिजेक्शनची डेबिट नोटही (नाकारलेल्या मालाची वजावट) वेगळ्या रकान्यात. सरासरी काढू नका, दोन बिलं २०० दिवस अडकलेली असली तर आकडा भलताच फुगतो. मध्यक (दिवस क्रमानं लावून मधला आकडा) काढा, आणि ०-१५, १६-४५, ४६-९०, त्यापुढे असे गट पाडा.

गिऱ्हाईक तुटेल या भीतीनं मालक खरेदीदाराचं नाव देणार नाही. मागूही नका. अ, ब, क लिहा.

कापशी
साखरेत जायचं असेल तर हीच रीत चालेल. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर), नाहीतर वार्षिक १५ टक्के व्याज. फक्त गळीत हंगामाचं वेळापत्रक सेमिस्टरशी जुळतंय का बघून घ्या.

समाजशास्त्रवाल्याला मी चप्पल सुचवेन. कोल्हापुरी चप्पलेला जीआय (भौगोलिक मानांकन) २०१९ मध्ये मिळाला, महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांना मिळून. पण एका जोडाच्या खर्चात वेणी आणि शिलाई करणाऱ्या घरच्या बाईचे तास किती धरले, ते कुणी मांडत नाही. ‘तासाला किती मिळतात?’ असं विचारलंत तर उत्तरच येणार नाही, तो हिशेब घरात कुणी करत नाही. आठवड्याला किती जोड, एका जोडाला किती वेळ, आणि पैसे कुणाच्या हातात, असं विचारा. भागाकार घरी येऊन करा.

आणि मेजरचा उपयोग करा की! शाहू महाराजांनी १९०२ मध्ये करवीर संस्थानात ५० टक्के राखीव जागांचा हुकूम काढला. भरती आणि विविधतेवर निबंध लिहायचा तर परदेशी कंपनीचं उदाहरण शोधत बसायची गरज नाही.

नववी_गल्ली
देणी घेतो. अकाउंटिंगनंतर मार्केटिंग की संख्याशास्त्र?

ताळेबंद
संख्याशास्त्र. पन्नास-साठ बिलांवरून अख्ख्या शिरोलीबद्दल बोलता येत नाही हे तिथं कळतं, आणि तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तोच येतो. संमतीपत्र मराठीत करा, एका पानाचं. लांबलं की माणसं न वाचताच सही करतात.