जुन्या गाडीत फ्युएल पंपाला रिले कसा जोडायचा?

प्रश्न:
कार्बोरेटरवाली जुनी गाडी आहे, मेकॅनिकल पंप गेला म्हणून इलेक्ट्रिक बसवला आणि त्याची वायर सरळ इग्निशन स्विचवरून घेतली. पंप चालतो, पण चढावर पेट्रोल कमी पडल्यासारखं होतं. मीटर लावला तर बॅटरीवर १२.५ व्होल्ट आणि पंपापाशी जेमतेम १०.८. आता रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणलाय, त्यावर ३०, ८५, ८६, ८७ आणि मधे ८७ए लिहिलंय. कुठली पिन कुठे लावू?

उत्तर १:
३० ला बॅटरीचा प्लस, मधे फ्यूज, आणि तो फ्यूज बॅटरीला जितका जवळ लावता येईल तितका जवळ, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर बॉडीला घासून शॉर्ट झाली तर तिला वाचवणारं काहीच नसतं. ८७ वरून पंप. तुमची आत्ताची इग्निशनची वायर ८६ ला, ८५ अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीला. ८७ए मोकळी सोडा, रिले बंद असताना ३० तिलाच जोडलेली असते, तिथे पंप लावलात तर उलटं होईल, चावी काढल्यावर पंप चालेल आणि चावी ऑन केली की बंद पडेल. रिलेची कॉइल (८५ आणि ८६ मधली, जी रिले चालू करते) पाव अँपिअरपेक्षाही कमी खाते, त्यामुळे स्विचवरचा लोड जवळपास जातोच.

उत्तर २:
अर्थ पण बघा! पंप चालू ठेवून पंपाचा मायनस आणि बॅटरीचा मायनस यांच्यात मीटर लावा, अर्धा व्होल्ट वगैरे दिसला तर रिले लावूनही तेवढं नुकसान तसंच राहणार. रंग खरवडून स्वच्छ पत्र्यावर घट्ट बोल्ट करा.

उत्तर ३:
वरचं सगळं बरोबर, पण एक गोष्ट राहिली आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. असं जोडलं तर चावी ऑन आहे तोवर पंप चालणार, म्हणजे गाडी ठोकली, इंजिन बंद पडलं, पेट्रोलचा पाइप तुटला तरी पंप पेट्रोल ओततच राहणार. ८६ च्या वायरमधे इनर्शिया स्विच टाका, धक्का बसला की तो सर्किट तोडतो. तो बॉडीला पक्का बसवायचा, लटकता नको. ऑइल प्रेशर स्विचनेही करतात, पण डॅशबोर्डच्या दिव्याचा स्विच त्याला चालत नाही, तो उलटा असतो, प्रेशर नसताना जोडलेला. प्रेशर आल्यावर जोडणारा वेगळा घ्यावा लागतो, शिवाय स्टार्ट करताना पंपाला सप्लाय मिळावा म्हणून स्टार्टरवरून आणखी एक वायर.

प्रश्नकर्ता:
इनर्शिया स्विचच टाकतो. फ्यूज किती अँपिअरचा?

उत्तर १:
पंपावर किती अँपिअर लिहिलंय ते बघा, त्याच्या साधारण दीडपट घ्या. कार्बोरेटरचे कमी प्रेशरवाले पंप फार करंट घेत नाहीत. वायर २.५ स्क्वेअर एमएमची टाका, आणि फ्यूज उडाला तर मोठा टाकू नका, आधी का उडाला ते शोधा.