शब्दचर्चा: ‘फिल्म न्वार’, ‘बी मूव्ही’ आणि कवडसा

दिग्दर्शक एडगर उल्मर यांच्या ‘डीटूर’ (1945) या अमेरिकी चित्रपटावर लिहायचं आहे. ‘फिल्म न्वार’ला, म्हणजे गडद वातावरणाच्या गुन्हेपटांना, मराठीत काय म्हणावं? ‘काळा चित्रपट’ पटत नाही. आणि ‘बी मूव्ही’ला ‘दुय्यम दर्जाचा चित्रपट’ म्हटलं तर चालेल का?

—

‘न्वार’च ठेवा. ‘नॉयर’ हा इंग्रजी वळणाचा उच्चार, फ्रेंच उच्चार ‘न्वार’च्या जवळचा आहे. ‘काळा’ म्हटलं की काळा पैसा नि काळा बाजार आठवतो, ‘कृष्णपट’ म्हटलं तर वाचक कृष्णधवल समजेल. युद्ध संपल्यावर पॅरिसमध्ये एकदम येऊन पोचलेल्या अमेरिकी गुन्हेपटांना नीनो फ्रँक या समीक्षकाने 1946 मध्ये हा शब्द लावला. गालिमार प्रकाशनाची ‘सेरी न्वार’ ही रहस्यकादंबऱ्यांची माला 1945 मध्येच सुरू झाली होती, त्यामुळे तिथल्या वाचकांना तो ओळखीचा होता. हॉलिवुडात मात्र हे चित्रपट काढणारे त्यांना तेव्हा मेलोड्रामाच म्हणत. म्हणून ‘उल्मर यांनी न्वार करायला घेतला’ असं लिहू नका. ‘पुढे न्वार म्हणून ओळखला गेला’ हे बरोबर.

—

‘दुय्यम दर्जाचा’ नको. यातला ‘बी’ कार्यक्रमातलं स्थान सांगतो, गुणवत्ता नाही. एका तिकिटात दोन चित्रपट दाखवत. मुख्य चित्रपटाचं भाडं तिकीटविक्रीच्या टक्केवारीवर असे, जोडीच्या चित्रपटाला ठरावीक रक्कम. थिएटर कितीही भरलं तरी निर्मात्याच्या हाती तेवढेच पैसे पडणार, म्हणून खर्चाला सुरुवातीलाच कुंपण. लांबीही बेताची: ‘डीटूर’ 70 मिनिटांच्या आत संपतो. मी ‘जोडचित्रपट’ सुचवेन. आपल्याकडच्या ‘बी ग्रेड’ला अश्लीलतेचा वास आहे, तो शब्द तर मुळीच नको.

—

‘जोडचित्रपट’ आवडला. मात्र ‘स्वस्त’ आणि ‘काटकसरीचा’ यांत गल्लत करू नये. ‘डीटूर’मध्ये न्यूयॉर्कचा रस्ता उभा करायला पैसा नाही, तर धुकं सोडलंय: एखादा दिवा, एखादी पाटी, बाकी सगळं धुक्यात. गाडीतली बहुतेक दृश्यं मागे पडद्यावर रस्ता दाखवून घेतलेली. नायक लिफ्ट मागत पश्चिमेला निघतो तिथे काही निगेटिव्ह चक्क उलटी छापली आहे. गाड्या डाव्या बाजूने धावतात, चालक उजवीकडे बसलेला. आपल्याला हे चटकन खटकत नाही, कारण आपल्याकडे तसंच असतं! अमेरिकी प्रेक्षकाला मात्र खटकावं. याला ‘चूक’ म्हणण्यापेक्षा ‘निभावून नेणं’ म्हणावं. प्रवासाची दिशा पडद्यावर कायम राहते ती त्यामुळेच.

—

आता प्रकाश. ‘लो-की’ला, म्हणजे गडद सावल्या ठेवणाऱ्या प्रकाशयोजनेला, ‘अंधूक प्रकाश’ लिहिलेलं वारंवार दिसतं. ते चुकीचं आहे. अंधूक म्हणजे सगळीकडे मंद. इथे प्रकाश लख्ख असतो, पण एकाच जागी, आणि सावल्या उजळलेल्या नसतात. मुख्य आणि पूरक प्रकाशाचं प्रमाण ढोबळमानाने 8:1 किंवा त्याहून जास्त. ‘छायाप्रकाश’ हा आपला शब्द इथे नेमका बसतो.

खिडकीच्या पट्ट्यांतून भिंतीवर पडणाऱ्या उजेडाला तर ‘कवडसा’ आहेच. पट्ट्यांच्या खिडकीला जुना शब्द ‘झिलमिली’. ‘तिरीप’ उन्हासाठी राखून ठेवा. रस्त्यावरच्या दिव्याची तिरीप होत नाही.

—

कवडसे रेखीव हवे असतील तर दिव्याचं तोंड लहान हवं आणि तो झिलमिलीपासून लांब हवा. झिलमिली मात्र भिंतीजवळ. ती दिव्याकडे सरकवली की पट्टे रुंद होतात आणि कडा विरघळतात. सॉफ्टबॉक्समधून, म्हणजे उजेड पसरवणाऱ्या कापडी पेटीतून, तर पट्टे उमटतच नाहीत, कारण मोठ्या पृष्ठभागाचा उजेड प्रत्येक पट्टीला वळसा घालून सावली भरून काढतो. खोली पांढरी असेल तर भिंतींवरून उलटलेला उजेड काळा रंग राखाडी करतो. कॅमेऱ्यात न येणाऱ्या बाजूंना काळं कापड लावा.

आणखी एक: ‘सावली टाकली’ ऐवजी सेटवरचं ‘लाइट कापला’ वापरा. दिव्यासमोर काळ्या कापडाची चौकट, म्हणजे कटर, धरून उजेड नको तिथून कापतात. ‘डीटूर’मधलं हॉटेलातलं दृश्य पाहा. कॅमेरा नायकाजवळ सरकतो, आजूबाजूचा उजेड उतरतो, डोळ्यांवर फक्त एक पट्टा उरतो आणि समोरचा कॉफीचा मग अवाढव्य दिसू लागतो. तिथे ‘अंधार झाला’ असं लिहिलं तर डोळ्यांवरचा तो पट्टाच हरवतो.