व्हीलचेअर बुकिंग असेल तर मुंबई विमानतळाच्या टर्मिनल १ वर किती आधी पोहोचावं? मदत हवी आहे

आई-बाबा येत्या रविवारी पहाटे पावणेसहाच्या विमानाने नागपूरला जाणार आहेत. स्वस्तातली एअरलाइन, टर्मिनल १. आईचा गुडघा दुखतो म्हणून तिच्यासाठी व्हीलचेअर घेतली आहे.

वेब चेक-इन केलं. बाबांचा बोर्डिंग पास लगेच आला, पण आईच्या नावापुढे ‘काउंटरवर संपर्क साधा’ एवढंच येतंय. ॲप आणि वेबसाइट दोन्हीकडे तेच. कस्टमर केअरवाले म्हणाले, ‘लवकर या.’ लवकर म्हणजे किती, ते काही सांगेनात.

काउंटर उड्डाणाच्या ६० मिनिटं आधी बंद होतो, हे माहीत आहे. सामान एकच बॅग, १५ किलोच्या आत. दोघांकडे आधार कार्ड आहे, डिजीयात्रा (चेहरा ओळखून विमानतळात प्रवेश देणारं ॲप) नाही. त्या वेळी मेट्रो नसते, त्यामुळे डोंबिवलीहून टॅक्सीनेच यायचंय. तिकीट नसल्याने मला आत सोडणार नाहीत, आणि आईला फार वेळ उभं राहवत नाही. मला खरी काळजी त्याचीच आहे.

अलीकडे कुणी असं गेलं असेल तर सांगा: व्हीलचेअर गेटबाहेरच मिळते की आत काउंटरपर्यंत चालावं लागतं? आणि पहाटेची गर्दी धरून दोन तास आधी पोहोचलं तर पुरेल का?