जुन्या रेकॉर्डवरची बुरशी कशी काढायची? मदत हवी आहे
मंडळी, मामांच्या मंगळवार पेठेतल्या घराच्या माळ्यावर रेकॉर्डनी भरलेली एक ट्रंक सापडलीय, नाट्यगीतं, लावण्या, थोडं शास्त्रीय, बघूनच खुळा झालो राव! पण कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे, निम्म्या रेकॉर्डवर पांढरी बुरशी चढलीय आणि कव्हरं एकमेकाला चिकटून बसलीत. यातल्या ३३ च्या (म्हणजे मिनिटाला साधारण ३३ फेरे घेणाऱ्या) एलपी विनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या आहेत, ७८ फेऱ्यांवाल्या मात्र लाखेच्या, त्यांना स्पिरिट लावलं की लाख विरघळते म्हणे, मग नुसतं डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रश चालेल का? लेबल भिजू नये म्हणून काय करता?

दुसरं म्हणजे सुई. ७८ ची खाच रुंद असते त्यामुळं एलपीची बारीक सुई तळाला घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त, तर ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लक्ष्मीपुरी-शाहूपुरीत कुठं मिळते का मुंबईच गाठायला लागणार? ऑनलाइन भाव बघून घाम फुटला.

रेकॉर्ड उभ्याच ठेवायच्या हे कळलं, पण पावसाळ्यात कपाटात सिलिका जेल पुरतं का? घरचे म्हणतात भंगारात घाल, ते काय जमणार नाही. जाणकारांनी सांगा, खर्चाचा अंदाज पण द्या.