मदत हवी आहे: स्कर्टसाठी कोणतं कापड घेऊ? दोन वाया गेले

मेघना_शिवते
दुसराही स्कर्ट बिघडला. शिलाई सरळ आहे, माप बरोबर आहे, पण घातला की कमरेखाली छत्री उघडल्यासारखा फुगतो आणि मी आहे त्याहून जाड दिसते. शनिवारी घालायचा आहे. अंगावर छान दिसेल असं कापड कोणतं, एवढंच सांगा. उद्या आणायला जाणार आहे.

आडवा_धागा
आधीचे दोन कोणत्या कापडाचे होते? चुण्यांचे, कळ्यांचे की गोल घेराचे? लांबी किती? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

लिननप्रेमी
लिनन घ्या, दुसरा विचारच नको. मी सहा वर्षं फक्त लिननचेच स्कर्ट शिवते. जितकं धुवाल तितकं मऊ पडत जातं.

रीळ१२
लिननला माझा विरोध आहे. अर्धा तास बसून उठलं की मांडीवर आडव्या घड्या. आणि मऊ पडायला वीस धुण्या लागतात, यांना शनिवारी घालायचा आहे.

मेघना_शिवते
कॉटन होतं, साधं. चुण्यांचा स्कर्ट.

आडवा_धागा
कॉटन म्हणजे कोणतं? मलमल, केंब्रिक, पॉपलिन, डेनिम, सगळं कॉटनच. मलमल पाण्यासारखी खाली पडते, पॉपलिन ताठ उभं राहतं. प्रश्न धाग्याचा नाही, विणीचा आणि वजनाचा आहे.

बॉबिन_केस
टीप फार घट्ट पडली की कापड गोळा होतं आणि शिवण फुगते. बॉबिनचा, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाचा ताण तपासा, सुई बदला. हलक्या कापडाला ७० किंवा ८० नंबरची सुई पुरते, डेनिमला ९० किंवा १००.

मेघना_शिवते
टीप व्यवस्थित आहे हो, प्रश्न कापडाचा आहे! पॉपलिन होतं. कंबर ३४ इंच, सीट (नितंबांचा घेर) ४२, लांबी २६. कमरेच्या अडीचपट घेर घेऊन चुण्या घातल्या, व्हिडिओत तसंच होतं.

कळीदार
आता कळलं. ३४ ची अडीचपट म्हणजे ८५ इंच कापड. तुमची सीट ४२. म्हणजे सगळ्यात रुंद जागेवर ४३ इंच जादा कापड आहे, आणि पॉपलिन ते खाली पडू देत नाही, बाहेर ढकलतं. नुसतं कापड बदलून अर्धंच काम होईल.

चुण्या सोडा, अर्धगोल कापा. कमरेची त्रिज्या ३४ भागिले ३.१४, म्हणजे साधारण १०.८ इंच. सीट कमरेखाली ८ इंचांवर धरली तर तिथे घेर ५९ इंच येतो. ८५ च्या जागी ५९. आणि कमरेवर एकही चुणी नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. पाव गोल कापलात तर तिथे साडेशेहेचाळीसच्या आसपास, तोही छान दिसतो, पण चालायला खालचा घेर कमी मिळतो.

रीळ१२
+१. आणि कापड व्हिस्कोस क्रेप. पडतं सुंदर, पॉलिस्टर जॉर्जेटसारखं पायांना चिकटत नाही.

लिननप्रेमी
व्हिस्कोस म्हणजे रेयॉन, म्हणजे प्लास्टिकच. घाम शोषणार नाही.

रीळ१२
प्लास्टिक पॉलिस्टर असतं. व्हिस्कोस लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजपासून बनतं आणि घाम चांगला शोषतं. त्याचा खरा दोष वेगळा आहे: ओलं झालं की कमजोर होतं आणि आटतं. पिळू नका, आणि कापण्याआधी धुऊन घ्याच.

जुनी_कात्री
फुगण्याला एवढी नावं ठेवू नका. १९४७ मध्ये ख्रिस्तियान दिओरने भरगच्च घेराचे स्कर्ट आणले ते कंबर बारीक दिसावी म्हणूनच. ताठ कापड आणि घट्ट पट्टा, बघा कसं दिसतं ते.

कळीदार
खरं आहे, पण तिथे वरचं जाकीट कमरेत घट्ट बसवलेलं होतं आणि आतून आधाराचे थर होते. सैल टॉपवर घरचा पॉपलिन स्कर्ट तसा दिसत नाही. मेघना, वर काय घालणार आहेस? टॉप आत खोचणार की बाहेर?

मेघना_शिवते
बाहेर, सैलसर. त्याने फरक पडतो का?

कळीदार
खूपच! टॉप सीटच्या रुंद भागावर संपला की नजर तिथेच थांबते. खोच, नाहीतर टॉप कमरेपर्यंतच आखूड ठेव.

आडवा_धागा
दुकानात असं करून बघा. ठाणातलं मीटरभर कापड मधोमध चिमटीत धरा आणि बाकीचं लोंबू द्या. नळ्यांसारख्या गोल, जड घड्या पडल्या तर घ्या. तंबूसारखं पसरलं तर ठेवून द्या. मग मुठीत दहा सेकंद आवळून सोडा, सुरकुती किती राहते ते दिसेल. उजेडासमोर तळहात मागे धरा. बोटं दिसली तर अस्तर लागणार, म्हणजे काम दुप्पट. जाडी पाहून घेऊ नका. मऊ, थोडं वजनदार कापड खाली ओढ धरतं. हलकं आणि ताठ सगळ्यात जास्त फुगतं.

नवशिकी_२
मध्येच विचारते, उभे पट्टे घेतले तर बारीक दिसतं ना?

कळीदार
सरळ स्कर्टला चालतात. अर्धगोलात कापड वळतं, त्यामुळे पट्टे पुढे सरळ असले तर बाजूला तिरके आणि मागे आडवे येतात. बॉर्डरचं कापड तर नकोच, काठ गोलाईत बसत नाही. बारीक, सगळीकडे सारखी नक्षी किंवा एकरंगी घ्या.

मेघना_शिवते
ठरलं, व्हिस्कोस क्रेप, अर्धगोल. किती मीटर? ४४ पन्हा मिळाला तर?

कळीदार
त्रिज्या १०.८, लांबी २६, वर-खाली शिलाईला दीड इंच धरा: साधारण ३८. ते ४४ पन्ह्यात बसतं. लांबीला त्याच्या दुप्पट, म्हणजे ७६ इंच. दोन मीटर अगदी काठोकाठ होतं, धुतल्यावर आटेल म्हणून सव्वादोन घ्या. पट्टा उरलेल्या तुकड्यांतून, आतून फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावून. कमरेची गोलाई कापल्या कापल्या कडेने एक टीप मारून घ्या, नाहीतर हाताळताना ताणून ३४ ची ३६ होते.

जुनी_कात्री
आणि खालची दुमड त्याच दिवशी घालू नका. कापड जिथे उरेब, म्हणजे तिरकं येतं तिथे ते लोंबून लांब होतं. एक रात्र तरी पट्ट्याला चिमटे लावून टांगा, मग जमिनीपासून मापून खालची कड सारखी करा. दुमड अर्ध्या इंचाहून रुंद नको, गोलाईवर चुण्या पडतात.

मेघना_शिवते
म्हणजे गुरुवारपर्यंत शिवून टांगायला हवा. उद्या सकाळीच कापड आणते आणि लगेच धुते.

नवशिकी_२
खिसे लावता येतील का त्याला?